सर्व्हिस क्लासची युनिट टेस्ट आणि कॉन्फिगरेशनचं मॉकिंग : दूधदराच्या उदाहरणातून

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं निमगाव सावा घ्या किंवा आसपासचं कुठलंही गाव. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर कॅन येतात, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे पडद्यावर दिसतात आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. पावतीवरचा दर दोन गोष्टींवरून ठरतो. एक म्हणजे दुधाची प्रत. ती त्या दिवशीच्या दुधातच असते. दुसरी म्हणजे मूळ दर, पॉइंटमागची कपात आणि सरकारी अनुदान. हे आकडे दुधातून येत नाहीत. ते कुणीतरी ठरवतं, कधीतरी बदलतं आणि संगणकाला बाहेरून सांगतं. वेब ॲप्लिकेशनच्या भाषेत या दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांना कॉन्फिगरेशन म्हणतात.

असं ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. दर काढणाऱ्या कोडची चाचणी करायची आहे, पण ते कोड दर कॉन्फिगरेशनमधून वाचतं. चाचणीच्या वेळी खरी फाईल नसते, खरा सर्व्हर नसतो. मग हे आकडे आणायचे कुठून? याचं नेहमीचं उत्तर आहे मॉकिंग, म्हणजे खऱ्या कॉन्फिगरेशनच्या जागी खोटं उभं करणं. उत्तर बरोबर आहे, पण त्यात चकवे बरेच आहेत, आणि चकवा लागला की टेस्ट हिरवी दिसते आणि पावती चुकते.

दराचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण महाराष्ट्रात हे आकडे खरोखर भराभर बदलले. १ जुलै २०२४ पासून राज्य सरकारच्या योजनेत ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीच्या गाईच्या दुधाला दूध संघ किंवा खासगी डेअरीने लिटरमागे किमान ३० रुपये द्यायचे आणि सरकारने ५ रुपये अनुदान थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करायचं, असं ठरलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेच आकडे २८ आणि ७ झाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीच्या योजनेत तर प्रतीचा पायाच वेगळा होता : ३.२ फॅट, ८.३ एसएनएफ आणि किमान २७ रुपये. म्हणजे एका वर्षात दर, अनुदान आणि मोजणीचा पाया अशा तिन्ही गोष्टी हलल्या. कोडमध्ये ‘३०’ असं लिहून ठेवणाऱ्याने त्या वर्षी किती वेळा नवी आवृत्ती चढवली असती ते मोजा.

सर्व्हिस क्लास म्हणजे नेमका कोणता भाग

वेब ॲप्लिकेशनचे ढोबळ तीन थर असतात. सर्वात वर कंट्रोलर असतो. तो ब्राउझरकडून किंवा मोबाईलकडून विनंती घेतो. सर्वात खाली डेटाबेसशी बोलणारा थर असतो. मधल्या थरात धंद्याचे नियम असतात, आणि तिथल्या क्लासना सर्व्हिस क्लास म्हणतात. आपल्या उदाहरणात ‘दूधदरसेवा’ नावाचा क्लास आहे असं समजू. तो फॅट, एसएनएफ आणि लिटर घेतो आणि डेअरीने द्यायची रक्कम व सरकारी अनुदान असे दोन आकडे परत देतो.

युनिट टेस्ट या एकट्या क्लासची असते. डेटाबेस, नेटवर्क, फाईल यांपैकी काहीही चालू नसताना ती काही मिलिसेकंदांत पूर्ण व्हायला हवी. म्हणून क्लास ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्यांच्या जागी बदली वस्तू द्याव्या लागतात. जेरार्ड मेझारोस यांनी २००७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात अशा सगळ्या बदली वस्तूंना ‘टेस्ट डबल’ असं एकच नाव दिलं आणि त्यांचे प्रकार पाडले. मराठीत त्यांना तोतया म्हणायला काहीच हरकत नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला होता, तसाच हा. दिसायला खऱ्यासारखा, पण आत दुसराच.

या प्रकारांपैकी दोन इथे कामाचे आहेत. ‘स्टब’ म्हणजे विचारलं की ठरलेलं उत्तर देणारा तोतया. ‘मॉक’ म्हणजे आपल्याला काय विचारलं गेलं, किती वेळा विचारलं गेलं, याचीही नोंद ठेवून नंतर साक्ष देणारा तोतया. हा शब्द रूढ झाला तो टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली मांडलेल्या निबंधामुळे. बोलताना आपण सरसकट ‘मॉक’ म्हणतो, पण कॉन्फिगरेशनला जवळजवळ नेहमी स्टबच पुरतो. दर किती वेळा वाचला याच्याशी शेतकऱ्याला घेणंदेणं नाही, दर किती लागला याच्याशी आहे. ‘मूळ दर एकदाच वाचला गेला पाहिजे’ अशी अट घालणारी टेस्ट उद्या कुणी कोड जरा नीटनेटकं केलं तरी मोडते, आणि ती मोडल्याने कुठलीही खरी चूक सापडत नाही.

सर्वात सोपा मार्ग : मॉकच नको

सर्व्हिस क्लास कॉन्फिगरेशन कसं मिळवतो यावर टेस्ट सोपी की अवघड हे ठरतं. वाईट रचनेत क्लास स्वतः उठून फाईल उघडतो किंवा कुठल्याशा सार्वत्रिक वस्तूला ‘दूध.मूळदर’ या नावाची किंमत विचारतो. बऱ्या रचनेत क्लासला जे हवं ते त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे वस्तू तयार करतानाच, हातात दिलं जातं.

आराखडा असा दिसेल :

दरसेटिंग = { मूळदर, अनुदान, पायाफॅट, पायाएसएनएफ, कपात }
सेवा = नवी दूधदरसेवा(दरसेटिंग)
निकाल = सेवा.काढ(फॅट, एसएनएफ, लिटर)

(जावा आणि पायथन ३ मध्ये क्लास आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत खरंच चालतात. फक्त भाषेचे राखीव शब्द इंग्रजी राहतात. प्रत्यक्ष कामात कुणी तसं करत नाही, हा भाग वेगळा.)

इथे ‘दरसेटिंग’ ही साधी, पाच खणांची वस्तू आहे. टेस्टमध्ये ती हाताने भरून द्यायची. कुठलीही मॉकिंग लायब्ररी लागत नाही. स्प्रिंग बूटमध्ये ‘कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीज’ या ॲनोटेशनने नेमकी अशीच वस्तू तयार होते. डॉटनेटमध्ये ‘आय-ऑप्शन्स’ हा इंटरफेस आहे आणि टेस्टसाठी ‘ऑप्शन्स डॉट क्रिएट’ ही तयार सोय आहे. माझ्या मते नवीन कोड लिहिताना या मार्गाला पर्याय शोधायची गरजच नाही. बाकीचे मार्ग जुन्या कोडसाठी आहेत. अर्थात आपल्या वाट्याला बहुतेक वेळा जुनं कोडच येतं.

टेस्टमध्ये कोणते आकडे द्यायचे

याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून थोडं थांबू.

समजा पॉइंटमागे कपात ३० पैसे आहे, आणि एक पॉइंट म्हणजे ०.१. दुधाची फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.३ भरली. एसएनएफ पायापेक्षा दोन पॉइंट कमी, म्हणून ६० पैसे कापले. मूळ दर ३० असेल तर लिटरला २९ रुपये ४० पैसे. टेस्टमध्ये मूळ दर ३० दिला, उत्तर २९.४० आलं, टेस्ट हिरवी झाली.

यातून काय सिद्ध झालं? सेवेने आपण दिलेला ३० वाचला, की आधीच्या कुणी कोडमध्ये ‘३०’ लिहून ठेवला होता तो वापरला, हे या टेस्टवरून कळतच नाही. दोन्ही वेळा उत्तर तेच. म्हणून टेस्टमधले आकडे खऱ्या दरापेक्षा मुद्दाम वेगळे, बाजारात कधी न दिसणारे घ्यावेत. मूळ दर ५०, कपात पॉइंटला १ रुपया. मग उत्तर बरोबर ४८ यायला हवं. ४९.४० आलं तर कपात कोडमध्ये कुठेतरी रुतून बसली आहे. २८ आलं तर मूळ दर रुतला आहे.

दुसरा सापळा याहून बेरकी आहे. जुलैच्या योजनेत ३० आणि ५ मिळून ३५. ऑक्टोबरच्या योजनेत २८ आणि ७ मिळून ३५. शेतकऱ्याला मिळणारी बेरीज तीच राहिली, फक्त कुणी किती द्यायचे ते बदललं. ज्याच्या टेस्टमध्ये केवळ ‘एकूण ३५’ तपासलं होतं, त्याची टेस्ट जुन्या दरावरही हिरवी आणि नव्या दरावरही हिरवी. पण हिशोब चुकला असेल तर दिवसाला २० लिटर घालणाऱ्या एकाच शेतकऱ्यामागे दहा दिवसांत ४०० रुपयांचा फरक पडतो. डेअरीने तेवढे जास्त दिलेले असतात आणि अनुदानाच्या यादीत तेवढे कमी मागितलेले असतात. असे काहीशे शेतकरी असले की दुधाचा पगार काढणाऱ्या माणसाची झोप उडते.

म्हणून निकालाचे दोन्ही भाग वेगवेगळे तपासायचे, आणि स्टबमध्ये असे आकडे द्यायचे की त्यांची अदलाबदल झाली तर लगेच दिसेल. मूळ दर ५० आणि अनुदान ११ असं दिलं की कुणी चुकून अनुदानाच्या जागी मूळ दर लावला तरी लपणार नाही. दोन्ही खणांत सारखाच आकडा भरणं हा आळस आहे आणि तो महाग पडतो.

तरीही शासन निर्णयातले खरे आकडे असलेली एखादी टेस्ट जरूर ठेवावी. ती प्रोग्रामरपेक्षा हिशोब बघणाऱ्यांसाठी असते. ‘३.५ आणि ८.५, १० लिटर, ऑक्टोबर : डेअरी २८०, अनुदान ७०’ हे वाक्य डेअरीच्या कारकुनालाही वाचता येतं आणि चूक असेल तर तो ती दाखवू शकतो.

न सांगितलेल्या प्रश्नाला तोतया काय उत्तर देतो

जुन्या कोडमध्ये सेवा कॉन्फिगरेशनच्या एका मोठ्या वस्तूवर अवलंबून असते आणि तिला नावाने किंमत विचारते. मग त्या वस्तूचा मॉक करावाच लागतो. आपण त्याला मूळ दराचं उत्तर शिकवतो, कपातीचं शिकवायचं विसरतो. आता सेवेने कपात विचारली तर काय होईल?

उत्तर लायब्ररीवर अवलंबून आहे, आणि तिथेच गोम आहे. जावामधली मोकिटो न शिकवलेल्या प्रश्नाला आकडा अपेक्षित असेल तर शून्य देते, मजकूर अपेक्षित असेल तर नल. कपात शून्य मिळाली की कमी प्रतीच्या दुधालाही पूर्ण दर लागतो आणि कुठे आवाज होत नाही. त्यातल्या त्यात नल बरा. तो निदान वापरताना मोडतो आणि टेस्ट लाल होते.

पायथनचा ‘मॅजिकमॉक’ आणखी उदार आहे. न शिकवलेल्या प्रश्नाला तो दुसरा मॅजिकमॉक देतो. त्याचं ‘इंट’ने पूर्णांकात रूपांतर केलं तर १ मिळतो, ‘फ्लोट’ने केलं तर १.०. म्हणजे कपात पॉइंटला चक्क १ रुपया. वर आपण टेस्टसाठी १ रुपयाच कपात निवडली होती. पायथनमध्ये असाल तर ती निवड बदला. १ सोडून कुठलाही आकडा घ्या, नाहीतर विसरलेली कपात आणि शिकवलेली कपात यांत फरक दिसणार नाही.

यावर उपाय साधा आहे. लायब्ररीचा मॉक सोडून हातानेच एक छोटी बदली वस्तू लिहायची. तिच्याकडे नाव आणि किंमत यांचा तक्ता असतो, आणि तक्त्यात नसलेलं नाव विचारलं तर ती त्या नावासकट चूक फेकते. दहा ओळींचं काम आहे. बऱ्याच मॉकिंग लायब्रऱ्यांत ‘स्ट्रिक्ट’ प्रकारची सोयही असते, पण तिचा अर्थ प्रत्येक लायब्ररीत थोडा वेगळा निघतो. स्वतः लिहिलेल्या दहा ओळी सगळ्यांना समजतात.

वेगवेगळ्या फ्रेमवर्कमधल्या अडचणी

स्प्रिंगमध्ये ‘व्हॅल्यू’ हे ॲनोटेशन थेट फील्डवर लावायची सवय जुनी आहे. फील्डमध्ये किंमत भरण्याचं काम स्प्रिंगचा कंटेनर करतो. युनिट टेस्टमध्ये कंटेनर नसतो, त्यामुळे फील्ड रिकामंच राहतं : साधा आकडा असेल तर शून्य, वस्तू असेल तर नल. मोकिटोचं ‘इंजेक्ट मॉक्स’ इथे मदत करत नाही, कारण ते मॉक केलेल्या वस्तू आत टाकतं, मजकूर आणि आकडे नाही. लोक मग ‘रिफ्लेक्शन टेस्ट युटिल्स’ वापरून खासगी फील्डमध्ये बाहेरून किंमत घुसवतात. हे चालतं. पण फील्डचं नाव तिथे अवतरणचिन्हांत लिहावं लागतं, त्यामुळे नाव बदललं की कंपायलर काही बोलत नाही, टेस्ट चालवल्यावरच ती मोडते. ‘व्हॅल्यू’ ॲनोटेशन फील्डवरून उचलून कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर ठेवणं हा पाच मिनिटांचा बदल आहे आणि त्याने हा सगळा प्रश्न मिटतो.

‘टेस्ट प्रॉपर्टी सोर्स’ लावून खरा कंटेनर उठवणं हा आणखी एक मार्ग. तो एकात्मिक चाचणीसाठी योग्य आहे. युनिट टेस्टसाठी मात्र जड, कारण प्रॉपर्टीचा प्रत्येक वेगळा संच म्हणजे स्प्रिंगच्या दृष्टीने वेगळा कंटेनर. दराच्या वीस प्रकारांच्या वीस टेस्ट अशा लिहिल्या तर कंटेनर वीस वेळा उभा राहतो. चहा होऊन जातो तोवर.

एएसपी डॉटनेट कोअरमध्ये अनेकांना पहिली ठेच एकाच दगडाची लागते. ‘आय-कॉन्फिगरेशन’वरची ‘गेट व्हॅल्यू’ ही पद्धत त्या इंटरफेसचा भाग नाही, ती बाहेरून जोडलेली एक्स्टेंशन पद्धत आहे. मॉकिंग लायब्ररी मोक तिला शिकवू शकत नाही आणि टेस्ट चालवली की तशी चूक दाखवते. त्यावर ‘गेट सेक्शन’ मॉक करण्याची युक्ती सांगितली जाते. ती चालते, पण ‘गेट व्हॅल्यू’ आतून काय करते यावर आपली टेस्ट विसंबते. त्यापेक्षा ‘कॉन्फिगरेशन बिल्डर’ला मेमरीतला तक्ता देऊन खरीखुरी कॉन्फिगरेशन वस्तूच बांधावी. तिचे तीन-चार ओळींचे कष्ट आहेत, आणि मजकुराचं आकड्यात रूपांतर करणारं खरं कोडही त्यात चालून जातं.

पीएचपीच्या लाराव्हेलचं अधिकृत मार्गदर्शन तर स्पष्टच आहे : कॉन्फिग मॉक करू नका, टेस्टमध्ये ‘कॉन्फिग सेट’ करून किंमत बदला. त्याच फ्रेमवर्कमध्ये ‘एन्व्ह’ हे फंक्शन सर्व्हिस क्लासमधून थेट बोलावलं असेल तर ते घरच्या संगणकावर चालतं, पण सर्व्हरवर कॉन्फिगरेशन कॅश केलं की ‘डॉट एन्व्ह’ फाईल वाचलीच जात नाही आणि त्यातली किंमत नल मिळते. युनिट टेस्ट हे कधीच पकडत नाही.

जँगोमध्ये ‘ओव्हरराइड सेटिंग्ज’ने टेस्टपुरती किंमत बदलता येते आणि टेस्ट संपली की जुनी परत येते. फक्त एक बघायचं. फाईलच्या माथ्यावर कुणी ‘मूळदर = सेटिंग्जमधला मूळदर’ अशी प्रत काढून ठेवली असेल, तर ती फाईल लोड होतानाच एकदा निघते. नंतर सेटिंग बदला नाहीतर न बदला, कोड जुनीच प्रत वापरत राहतं. पर्यावरण चलं, म्हणजे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, थेट बदलणाऱ्या टेस्टमध्ये उलटा धोका असतो. बदललेली किंमत तशीच राहते आणि पुढच्या टेस्टला चिकटते. पायटेस्टचा ‘मंकीपॅच’ ती आपोआप पूर्ववत करतो, म्हणून हाताने बदलण्यापेक्षा तोच वापरावा.

शून्य आणि ‘नाही’ यांतला फरक

दुधाकडून जरा कांद्याकडे. ओतूर आणि आळेफाट्याच्या बाजारात कांदा विकणाऱ्यांना निर्यात शुल्काचा इतिहास तोंडपाठ आहे. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबरात निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर ही किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झालं.

निर्यातीचा खर्च काढणाऱ्या सेवेत जावास्क्रिप्टमध्ये सर्रास असं लिहिलेलं आढळतं : ‘कॉन्फिगरेशनमधलं शुल्क, किंवा ते नसेल तर ४०’. हे ‘किंवा’ दोन उभ्या रेघांनी लिहिलं असेल, तर जावास्क्रिप्ट शून्यालाही ‘नसलेलं’ समजतं. २० टक्क्यांपर्यंत सगळं सुरळीत. ज्या दिवशी शुल्क शून्य झालं, त्या दिवशी सेवा पुन्हा ४० टक्के लावणार. १० लाखांच्या मालावर ४ लाखांचं शुल्क, जे अस्तित्वातच नाही. दोन प्रश्नचिन्हांची खूण वापरली तर फक्त नल किंवा अनडिफाइन्ड असतानाच पर्यायी किंमत लागते.

म्हणून कॉन्फिगरेशनच्या प्रत्येक आकड्याला निदान तीन टेस्ट हव्यात : नेहमीची किंमत, शून्य, आणि किंमतच नसणं. तिसऱ्या टेस्टमध्ये मला स्वतःला पर्यायी किंमत लावण्यापेक्षा चूक फेकणं जास्त पटतं. पैशाच्या बाबतीत गुपचूप अंदाज बांधणारं कोड कुणाच्याच कामाचं नाही. निर्यातबंदी तर आकड्यात बसतच नाही. तिला ‘चालू’ किंवा ‘बंद’ असा वेगळा खण लागतो, आणि कुणी ‘शुल्क ९९९’ अशी शक्कल काढली असेल तर ती टेस्ट लिहिताना उघडी पडते.

तारीख आली की कॉन्फिगरेशन संपलं

३ ऑक्टोबर २०२४ ला २१ ते ३० सप्टेंबरचा दुधाचा पगार काढायला बसलेल्या माणसाचा विचार करा. कॉन्फिगरेशनमध्ये आता २८ आणि ७ आहे. पण ते दूध ३० आणि ५ च्या काळातलं. एकच ‘मूळदर’ ठेवणारी रचना इथे कोलमडते, आणि मॉक कितीही नीट केला तरी उपयोग नाही. लागू होण्याच्या तारखेसह बदलणारे आकडे ही मुळात सेटिंग नव्हेत, तो डेटा आहे. त्यांची जागा ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशा तक्त्यात. सेवेची टेस्ट लिहिताना असा तक्ता दोन ओळींचा द्यायचा आणि ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर या दोन्ही काठांवरची उत्तरं तपासायची.

‘आजची तारीख’ हीसुद्धा बाहेरून येणारी किंमत आहे. सेवेने संगणकाचं घड्याळ थेट बघितलं तर टेस्ट आज हिरवी आणि महिन्याने लाल होईल. जावामध्ये ‘क्लॉक’ ही वस्तू कन्स्ट्रक्टरमधून देता येते आणि टेस्टमध्ये एका क्षणावर थांबवता येते. इतर भाषांतही अशी सोय आहे.

घड्याळासोबत कालक्षेत्रही येतं. भाड्याचे सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर चालतात, आणि ती वेळ आपल्या साडेपाच तास मागे आहे. १ ऑक्टोबरच्या पहाटे ५ वाजता केंद्रावर घातलेलं दूध सर्व्हरच्या हिशोबाने ३० सप्टेंबरच्या रात्री साडेअकराचं. त्याला जुना दर लागणार, आणि सव्वासहाला दूध घालणाऱ्या शेजाऱ्याला नवा. दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या की भांडण ठरलेलं. ही टेस्ट एका ओळीची आहे : घड्याळ पहाटे ५ ला थांबवा, कालक्षेत्र यूटीसी द्या, आणि तरीही ऑक्टोबरचाच दर येतो का ते बघा.

मॉक ज्याची हमी देत नाही ते

कॉन्फिगरेशन मॉक केलेल्या टेस्ट सेवेचं गणित तपासतात. सर्व्हरवरच्या खऱ्या फाईलमध्ये ‘मूळदर’ आहे की कुणी ‘मुळदर’ लिहिलंय, हे त्यांना माहीत नसतं. त्यासाठी वेगळी तपासणी हवी. ॲप्लिकेशन सुरू होतानाच सगळ्या किंमती वाचायच्या, मर्यादेत आहेत का बघायचं, आणि नसतील तर सुरूच व्हायचं नाही. स्प्रिंगमध्ये ‘व्हॅलिडेटेड’ ॲनोटेशन, डॉटनेट ६ पासून ‘व्हॅलिडेट ऑन स्टार्ट’ अशा सोयी त्यासाठीच आहेत. शिवाय प्रत्यक्ष वापरातल्या फाईलवरच चालणारी एक छोटी टेस्ट प्रकल्पात ठेवता येते.

एका सेटिंगची किंमत किती मोठी असू शकते याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलचं. १ ऑगस्ट २०१२ ला या कंपनीने शेअर व्यवहारांचं नवं कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवलं होतं. नव्या कोडने चालू करायचा एक फ्लॅग जुन्या, बंद पडलेल्या कामासाठी पूर्वी वापरलेला होता. आठव्या सर्व्हरवर जुनं कोड तसंच होतं, फ्लॅग चालू होताच ते जागं झालं, आणि सुमारे पाऊण तासात कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले. फ्लॅग मॉक केलेली टेस्ट नव्या कोडवर हिरवीच आली असती. जुन्या कोडवर ती कुणी चालवणारच नव्हतं.

मराठी माणसाला जवळचा एक प्रसंगही या शेवटच्या तपासणीत घालून ठेवावा. डेअरीचा संचालक किंवा कारकून दराच्या रकान्यात देवनागरी आकड्यांत तीस लिहितो. कीबोर्ड मराठीवर असला की हे सहज होतं. पायथन आणि जावा हा मजकूर पूर्णांक म्हणून बिनतक्रार वाचतात. जावास्क्रिप्टमध्ये त्याचं ‘आकडा नाही’ असं होतं, म्हणजे नॅन, आणि नॅनशी केलेली प्रत्येक बेरीज-वजाबाकी नॅनच राहते. डॉटनेट सरळ चूक फेकतं. सेवेच्या टेस्टमध्ये आपण दर आधीच आकडा म्हणून देतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे कधी येतच नाही. फाईल किंवा फॉर्ममधून मजकूर वाचून त्याचा आकडा करणाऱ्या कोडला वेगळी टेस्ट लागते, आणि तिच्यात देवनागरीतला तीस, मागेपुढे रिकामी जागा असलेला तीस आणि पुढे ‘रु.’ लावलेला तीस असे तिन्ही द्यावेत.